गणपतीला गाडीने गावी निघण्याआधी

सामान बांधायच्या आधी झोपेची सोय बघा. मुंबईकराचा नेहमीचा बेत ठरलेला असतो: दिवसभर ऑफिस, संध्याकाळी दादरला मखराची खरेदी, जेवून अकराला निघायचं. पनवेल-वडखळच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास जातात आणि माणगाव-महाड येईपर्यंत पहाटेचे तीन-चार वाजतात. गाडी चालवणाऱ्याचा डोळा लागतो तो नेमका याच वेळी. ताशी 80 किलोमीटरला गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते, म्हणजे दोन सेकंदांच्या पेंगेत 44 मीटर रस्ता कोणी बघितलेलाच नसतो. चहा, गाणी, उघडी काच यांच्या भरवशावर राहू नका. जो चालवणार त्याने अर्धा दिवस रजा टाकून झोपावं, शक्य असेल तर पहाटे निघावं. वाटेत जांभया सुरू झाल्या की पेट्रोल पंपावर गाडी लावून वीस मिनिटं झोप काढायचीच. दुसरा चालवणारा असेल तर उत्तम.

आदल्या रविवारी टायर बघा. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की खाच 1.6 मिलिमीटरच उरलेली असते. असा टायर पावसात पाणी बाजूला सारू शकत नाही आणि ब्रेक मारला तरी गाडी घसरत जाते. हवा थंड टायरमध्ये भरा. गाडी भरलेली असताना किती हवा हवी, ते चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर बहुतेक गाड्यांत लिहिलेलं असतं. वायपर, ब्रेक, दिवे गॅरेजवाल्याकडून तपासून घ्या.

सामानात माझा आग्रह एकच: मागची काच मोकळी ठेवा. मखराचे खोके तिथे रचले की आरशात काहीच दिसत नाही, आणि जोरात ब्रेक लागला की समईसुद्धा पुढच्याच्या डोक्यात बसते. जड वस्तू डिकीत, तळाशी.

मागे बसलेल्या आजी-आजोबांनाही बेल्ट लावा. "मागे कशाला?" असं हमखास विचारतील, तरी लावा. बाळाला मांडीवर न घेता त्याच्या सीटमध्ये बसवा.

कागदपत्रं, टॉर्च आणि गाडी बंद पडली तर मागे रस्त्यावर ठेवायचा लाल त्रिकोण घ्या. मदतीसाठी 112. घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ते तापून लागेनासे होतात. पावसात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, वळणार कुठे ते मागच्याला कळत नाही.

आणि गावी आजच फोन करा. पोचायला उशीर होऊ शकतो, मूर्ती आणायला वाडीतल्या कोणाला तरी आधीच सांगून ठेवा म्हणावं.