टपाचं लॅच लागत नाही? आधी टप बघा, मग लॅच

जीप रँग्लरसारख्या गाडीचा पुढचा टप काढून यवतेश्वरच्या घाटानं कासला जाऊन आलात, आता टप परत लावताय आणि एक लॅच, म्हणजे हूक कडीत अडकवून टप आवळणारी कळ, काही केल्या लागत नाही. जोर लावू नका. हूक नाहीतर त्याखालचं प्लास्टिक तुटेल आणि मूळ दोष तसाच राहील. बहुतेक वेळा लॅच चांगलं असतं, टपच जागेवर बसलेला नसतो.

गाडी सपाट जागी घ्या. एक चाक खड्ड्यात किंवा कट्ट्यावर असेल तर बॉडीला पीळ पडतो आणि हूक कडीसमोर येत नाही. सगळी लॅच उघडी ठेवून टप नुसता ठेवा. टप दोन भागांचा असेल तर मधल्या जोडावर ज्याची कड खाली जाते तो आधी. क्रम चुकला की मधलं रबर दुमडतं. सगळी लॅच अर्धवट अडकवून मगच एकेक पूर्ण दाबा. एकच आधी गच्च केलं की समोरचा कोपरा उचलला जातो.

त्यानंतर टपाच्या कडेचं रबर. जतच्या माळावरची धूळ किंवा उसाच्या हंगामातला पाचटाचा भुगा खाचेत बसला, तरी टप तेवढा वर राहतो. जुन्या टूथब्रशनं खाच साफ करा, ओल्या फडक्यानं पुसा, वाळल्यावर सिलिकॉन स्प्रे फडक्यावर मारून रबराला लावा. रॉकेल, डिझेल, इंजिन ऑइल मुळीच नको. हे रबर बहुधा ईपीडीएम या कृत्रिम रबराचं असतं, खनिज तेलानं फुगतं, आणि फुगलेल्या रबरावर लॅच कधीच नीट लागणार नाही. बीडिंग, म्हणजे हेच कडेचं रबर, नवं असेल तर ताठ असतं. गाडी तासभर उन्हात ठेवून मग टप लावा.

एवढ्यानं भागलं नाही तर कडीवर फळ्याचा खडू घासा, लॅच हळू लावा आणि उघडा. हूक कुठं घासतो ते खडूत दिसेल. खूण एका बाजूला असेल आणि कडीच्या बोल्टची भोकं लांबट असतील, तर बोल्ट सैल करून कडी सरकवा. खूण मधोमध आहे पण हूक कडीपर्यंत पुरत नाही, आणि हूक आट्यांच्या दांड्यावर आहे, तर चेकनट (दांडा फिरू न देणारा नट) ढिला करून एका वेळी अर्धाच फेरा द्या. ६ मिमीच्या साध्या आट्यावर अर्धा फेरा म्हणजे ०.५ मिमी, तेवढ्यानंही बराच फरक पडतो.

हँडलला शेवटी ताण येऊन ते टक्कन बसायला हवं. सहज फिरलं तर रबर चेपलंय किंवा पिन झिजलीय. चेपलेल्या रबराची कसर हूक आखूड करून काढू नका, टप वाकतो. खात्रीसाठी रबराखाली कागदाची पट्टी धरून लॅच लावा. पट्टी अडकत ओढली गेली पाहिजे, सुळकन निसटता कामा नये.

बोल्ट नुसताच फिरत राहिला तर टपाच्या फायबरमधला धातूचा इन्सर्ट (बोल्ट ज्यात बसतो ते आट्यांचं नळकांडं) सुटलाय. तो इपॉक्सीनं परत बसवा आणि पूर्ण वाळेपर्यंत टप लावू नका. एकही लॅच उघडं ठेवून हायवेला जाऊ नका: वेगात टपावरून जाणाऱ्या वाऱ्याचा दाब कमी होतो आणि टप वर ओढला जातो.

शेवटी मगानं पाणी ओता, खालच्या जोडापासून वर. पायदान ओलं दिसलं तरी गळती बहुधा तिथली नसते. पाणी बऱ्याचदा पुढच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यातून शिरून काचेच्या बाजूच्या खांबाच्या आतून उतरलेलं असतं, म्हणून आधी तो कोपरा तपासा.