‘मी ख्रिस्ती आहे’ हे वाक्य स्वतःशी कसे पडताळून पाहावे

‘ख्रिस्ती’ हे नाव येशूच्या शिष्यांनी स्वतःहून घेतलेले दिसत नाही. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायाप्रमाणे ते त्यांना प्रथम अंत्युखिया नगरात मिळाले आणि ते देणारे बहुधा बाहेरचेच लोक होते. हेरोदाच्या पक्षाचे ते जसे हेरोदी, तसे ख्रिस्ताच्या माणसांना ख्रिस्ती म्हटले गेले. म्हणजे या शब्दात मुळात ‘मी कोण’ यापेक्षा ‘मी कोणाचा’ याचे उत्तर आहे, आणि पुढची सगळी पडताळणी याच प्रश्नाला धरून करायची आहे.

आरंभी एका कागदावर, कोणालाही दाखवायचे नाही अशा बेताने, आपण हा शब्द आज कोणत्या अर्थाने वापरतो ते लिहून काढावे. आपण ख्रिस्ती घरात जन्मलो, आपल्याला अमुक गोष्टी सत्य वाटतात आणि आपण येशूच्या मागे चालत आहोत, ही तीन वेगळी विधाने आहेत. त्यांपैकी पहिलेच खरे असेल, तर तसे लिहिण्यात लाज बाळगू नये. बालपणी बाप्तिस्मा देणाऱ्या अनेक मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, पुढे दृढीकरणाचा विधी असतो, तो याचसाठी की इतरांनी आपल्या वतीने दिलेले वचन माणसाने कळत्या वयात स्वतःच्या तोंडाने द्यावे.

त्यानंतर मार्काचे शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधील येशूच्या चार चरित्रांपैकी एक, एका बैठकीत, शक्यतो मोठ्याने, वाचावे. चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान असून त्याचे १६ अध्याय दोन तासांच्या आत वाचून होतात. ८ व्या अध्यायापाशी मात्र थांबावे. तेथे येशू शिष्यांना विचारतो की लोक मला कोण म्हणतात, आणि मग तुम्ही कोण म्हणता. ‘आपण ख्रिस्त आहात,’ असे पेत्र अचूक उत्तर देतो. परंतु दुःखसहन आणि मरण यांची गोष्ट निघताच तोच पेत्र येशूला बाजूला घेऊन त्याचा निषेध करू लागतो आणि लगेच अत्यंत कठोर शब्दांत फटकारला जातो. योग्य शब्द उच्चारूनही त्याचा अर्थ नाकारता येतो, हे मला या एका प्रसंगाइतके स्पष्ट अन्यत्र कोठेही जाणवलेले नाही. वाचकाने येथे स्वतःला विचारावे की ख्रिस्त म्हणताना आपल्यालाही केवळ विजयी, आपल्याच बाजूने उभा राहणारा ख्रिस्त हवा आहे काय.

मग मतांगीकार, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाचा ठरलेल्या शब्दांतील जाहीर कबुलीजबाब, घ्यावा. इ.स. ३२५ मध्ये नायसिया येथे मांडला गेलेला आणि ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी जोडला जाणारा विस्तारित मतांगीकार रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुसंख्य प्रोटेस्टंट मंडळ्या मानतात. त्यातील प्रत्येक ओळीपुढे, ती आपण मनापासून म्हणू शकतो, ती आपल्याला कळत नाही, की ती म्हणताना मन अडखळते, अशी खूण करावी. अडखळणाऱ्या ओळी लपवू नयेत. त्या घेऊन पाळकाकडे किंवा एखाद्या जाणत्या विश्वासणाऱ्याकडे जावे. मार्काच्या ९ व्या अध्यायातील आजारी मुलाचा बाप विश्वास आणि अविश्वास एकाच दमात कबूल करतो, आणि येशू त्याला परत पाठवत नाही.

आचरणाची पडताळणी यापेक्षा अवघड आहे, कारण तेथे शब्दांची मदत होत नाही. इ.स. ११२ च्या सुमारास रोमी अधिकारी धाकटा प्लिनी याने सम्राट त्रायान याला कळवले की, तू ख्रिस्ती आहेस काय, असे तो आरोपींना तीनदा विचारी आणि ठाम राहणाऱ्यांना देहदंड देई. त्याच पत्रात तो नोंदवतो की हे लोक ठराविक दिवशी पहाटेपूर्वी जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणत आणि चोरी, लूट, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, कोणाची ठेव नाकारणार नाही, अशी शपथ घेत. ठेव परत करण्यासारखी साधी गोष्ट उपासनेच्या शेजारी यावी, हे मला फार मोलाचे वाटते. म्हणून मत्तयाचे ५ ते ७ हे अध्याय वाचून त्यांतील एकच आज्ञा निवडावी आणि महिनाभर पाळून पाहावी. निवड करणे जड जात असेल, तर ज्याने आपले वाईट केले त्याच्यासाठी रोज नाव घेऊन प्रार्थना करावी.

आजच्या काळात आणखी एक कसोटी मला आवश्यक वाटते. आपल्या बोलण्यात जेथे ‘ख्रिस्ती’ येतो तेथे ‘आपले लोक’ असे घालून पाहावे. अर्थ जराही बदलत नसेल, तर त्या वाक्यातून ख्रिस्त निघून गेला आहे. १९३० च्या दशकात जर्मनीत ‘जर्मन ख्रिस्ती’ म्हणवणाऱ्या चळवळीने मंडळीला नाझी वंशवादाच्या दावणीला बांधू पाहिले, आणि मे १९३४ मध्ये बार्मेन येथे जमलेल्या तिच्या विरोधकांना उघडपणे सांगावे लागले की मंडळीने ऐकावे असे देवाचे वचन येशू ख्रिस्त हेच एक आहे.

हे सर्व एकट्याने करू नये. प्रभुभोजनाला एकाच मेजाशी बसणारी माणसे आपण निवडलेली नसतात, आणि आपल्या पडताळणीतील पळवाटा त्यांनाच आधी दिसतात.

शेवटी कोणी विचारले, तर उत्तर द्यावे. पेत्राचे पहिले पत्र ते सौम्यतेने आणि आदराने द्यायला सांगते. ‘होय, मी ख्रिस्ती आहे,’ एवढे बोलून थांबावे, आणि समोरच्याने ‘म्हणजे काय?’ असे विचारलेच, तर पहिल्या कागदावर जे खरे लिहिले होते तेथून सुरुवात करावी.