पाश्चात्त्य युद्धेतिहासाचा अभ्यास वसईच्या तटापासून कसा सुरू करावा

पाश्चात्त्य युद्धांच्या इतिहासाकडे वळणारे बहुतेक वाचक इ.स.पू. ४९० मधील मॅरेथॉनच्या लढाईपासून आरंभ करतात आणि रोमपर्यंत पोहोचण्याआधीच सनावळ्यांनी थकून जातात. मुंबईकर वाचकाने हा क्रम मोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तोफेने किल्ल्याचा आकार बदलला आणि बदललेल्या किल्ल्याने सैन्य व राज्यकारभार बदलून टाकला, हे या इतिहासातले सर्वांत मोठे वळण आहे. आणि ते वसई रोड स्थानकावर उतरून किल्ल्यापर्यंत गेल्यास आजही प्रत्यक्ष पाहता येते.

जाण्यापूर्वी १४९४ या वर्षाविषयी वाचून घ्यावे. त्या वर्षी फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स चाकांच्या गाड्यांवरून ओढून नेता येणाऱ्या कांस्य तोफा घेऊन इटलीत उतरला. त्यांच्या लोखंडी गोळ्यांपुढे मध्ययुगीन किल्ल्यांच्या उंच भिंतींचा टिकाव लागेना, तेव्हा इटालियन स्थापत्यकारांनी पुढच्या काही दशकांत ठेंगणा, जाड, आत मातीचा भराव असलेला तट आणि बाणाच्या टोकासारखे पुढे आलेले कोनाकृती बुरूज अशी नवी रचना सिद्ध केली. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून १५३४ मध्ये वसई मिळाल्यानंतर पोर्तुगिजांनी तेथे दहा बुरुजांचा जो कोट उभारला, त्यात ही विद्या उतरलेली आहे.

किल्ल्यात शिरल्यावर चर्चच्या पडक्या कमानींपाशीच रेंगाळू नये. तटाच्या कडेने चालत एखाद्या बुरुजाशी जावे, त्याची बाजू मुख्य तटाला जेथे मिळते त्या कोपऱ्याजवळ थांबावे आणि तेथून शेजारच्या बुरुजाकडे पाहावे. गोल बुरुजाच्या पायथ्याशी अशी एक जागा उरते, जिथे आतल्या कोणाचीही गोळी पोहोचत नाही. शत्रू तेथे बिलगून बसला की निर्धास्तपणे सुरुंग खणू शकतो. कोनाकृती बुरुजाने ती जागा नाहीशी केली, कारण त्याच्या पायथ्यावर शेजारच्या बुरुजाच्या बगलेतून तोफ डागता येते. प्रत्येक बुरूज शेजाऱ्याच्या संरक्षणावर उभा आहे, ही गोष्ट नकाशापेक्षा तेथे उभे राहून अधिक चटकन समजते. पावसाळ्यानंतर झाडोरा माजलेला असतो, म्हणून हिवाळा सरत असताना जाणे सोयीचे.

या रचनेचे परिणाम दूरवर पोहोचले. किल्ला झटपट पडेना, म्हणून वेढे महिनोन्महिने चालू लागले. वेढ्यासाठी खंदक खणणारे व मोर्चे राखणारे प्रचंड पायदळ हवे झाले. त्या पायदळाला नियमित पगार, रसद आणि कवाईत हवी झाली. नेदरलँड्समध्ये डच सेनापती मॉरिस ऑफ नासाऊने १५९० च्या दशकात सैनिकांना रांगेने गोळी झाडून मागे जाण्याची व पुन्हा बंदूक भरण्याची कवाईत घोटवून घेतली. इंग्लंडमध्ये १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड स्थापन झाली तीच मुळी फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी सरकारला १२ लाख पौंडांचे कर्ज देण्याकरिता. लढाईच्या वर्णनात रमणाऱ्या वाचकाला हा हिशेब रुक्ष वाटेल, पण माझ्या मते या विषयाचा खरा गाभा येथेच आहे.

आता मागे ग्रीस-रोमकडे वळावे आणि प्रत्येक लढाईला तेच प्रश्न विचारावेत: सैनिक कोण होते, त्यांना पगार कोण देत होते, ते खात काय होते आणि त्यांचे शस्त्र त्यांना कोणत्या रचनेत उभे राहायला भाग पाडत होते? जुन्या आकड्यांची पारखही याच प्रश्नांनी होते. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस, ग्रीसवर चालून आलेला इराणचा सम्राट झर्क्सीझ याच्या सैन्यात २६ लाखांहून अधिक लढवय्ये होते असे सांगतो. इतक्या माणसांना रोज किती धान्य व पाणी लागेल याचा कागदावर हिशेब मांडला, की तो आकडा बाजूला ठेवावा लागतो. पुढच्या काळात १७९३ ची फ्रान्समधील सार्वत्रिक सैन्यभरती आणि पहिल्या महायुद्धातील १९१६ ची, फ्रान्समधल्या सोम नदीकाठची लढाई एवढे दोन टप्पे प्रारंभी पुरेत. सोम येथे ब्रिटिशांनी हल्ल्याआधी आठवडाभर सुमारे १५ लाख तोफगोळे डागले, तरीही १ जुलैच्या एका दिवसात त्यांचे ५७,४७० सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले.

एक पथ्य मात्र पाळावे. पाश्चात्त्य शस्त्रे व कवाईत सर्वत्र जिंकतच गेली, असा समज सहज रुजतो. बंदुकीची दारू मुळात चीनची, आणि १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या तटावर महाकाय तोफा चालवल्या त्या उस्मानी तुर्कांनी. वसईचा तटही अभेद्य ठरला नाही: चिमाजी अप्पांच्या सैन्याने मोर्चे तटाला भिडवले, बुरुजांखाली सुरुंग उडवले आणि मे १७३९ मध्ये पोर्तुगिजांना किल्ला खाली करावा लागला. चाळीस वर्षांनी, जानेवारी १७७९ मध्ये, मुंबईहून बोरघाट चढून पुण्याकडे निघालेल्या कंपनीच्या कवायती फौजेला मराठ्यांनी तळेगावचा मुलूख जाळून रसदीवाचून माघारी फिरवले आणि वडगावला कोंडून तह करायला लावला. वसईहून परतल्यावर वर दिलेले प्रश्न घेऊन या मोहिमेचे टिपण करावे. मुंबई-पुण्याची वाट परिचयाची असल्यामुळे रसदीचा प्रश्न तेथे सर्वांत लवकर उलगडतो.