जपानी शाईचित्रातला म्हातारा अभ्यासायचा असेल, तर आधी त्याच्या वयाचा हिशेब करा

जपानी कलेच्या अभ्यासात नव्यानं आलेल्यांना वृद्धाचं शाईचित्र हा विषय हटकून खुणावतो. जरूर घ्या. सुमी म्हणजे काजळीची शाई, कुंचला, कागद हे तुम्हाला ठाऊक असणारच. मला सगळ्यात जास्त रडवलं ते सहीजवळ लिहिलेल्या वयानं, म्हणून त्यावरच लिहितो.

होकुसाई या प्रसिद्ध जपानी चित्रकाराच्या उतारवयातल्या सह्या बघा. अनेकदा आधी वयाचा आकडा, मग 'मान्जी', म्हणजे चक्क स्वस्तिकाचं चिन्ह. त्याचा जन्म १७६० चा. आकडा ८३ असेल तर आपण बेरीज करून १८४३ लिहून मोकळे होतो. साफ चूक! त्या काळच्या जपानी मोजणीत मूल जन्मतःच एक वर्षाचं धरत आणि नववर्षाला सगळ्यांचंच वय एकानं वाढे. आपण 'त्र्याऐंशीवं लागलं' म्हणतो तसंच, फक्त वर्ष लागतं ते वाढदिवसाला नव्हे, पाडव्याला. म्हणून ८३ म्हणजे १८४२.

एका वर्षानं काय बिघडतं? पुष्कळ बिघडतं. १८४२ मध्ये तेन्पो सुधारणा, म्हणजे तेन्पो नावाच्या कालखंडातल्या कडक सरकारी सुधारणा, ऐन भरात होत्या, नट आणि गणिकांच्या छापचित्रांवर बंदी आली होती. १८४३ मध्ये त्या सुधारणांचा कर्ता मिझुनो तादाकुनी पदावरून गेला. वर्ष चुकलं की सामाजिक संदर्भाचा अख्खा परिच्छेद कोसळतो. त्यात वर्ष चांद्र, त्यामुळे बाराव्या महिन्यातलं चित्र आपल्या दिनदर्शिकेत पुढच्या वर्षात जाऊ शकतं.

घाबरू नका, चार-पाच सह्या सोडवल्या की हात बसतो. मिवो हे ॲप जुनी वळणदार अक्षरं वाचायला मदत करतं, पण चित्रावरच्या हस्ताक्षरात त्याच्यावर विसंबू नका. आकडे स्वतः शिका. माझं स्पष्ट मत आहे, पहिल्याच भेटीत सिद्धान्त हातात देणाऱ्यापेक्षा सही वाचायला बसवणारा मार्गदर्शक धरावा.

आणि प्रत्येक म्हाताऱ्यात गरिबी, एकाकीपणा शोधू नका. शेजारी हरीण, काठीला गुंडाळी बांधलेली? तो दीर्घायुष्याचा देव जुरोजिन. हातात दाताळं, सोबत झाडू घेतलेली म्हातारी? ते 'ताकासागो' या जुन्या जपानी नाटकातलं जोडपं, लग्नकार्यात शुभ मानलेलं. साठ वर्षांचं चक्र पुरं झालं की, म्हणजे जुन्या मोजणीनं ६१ व्या वर्षी, तिकडे कानरेकी साजरी होते. आपल्याकडेही संवत्सरं साठच, साठीशांत त्यावरूनच आली. ७७ आणि ८८ व्या वर्षांचेही तिथे सोहळे असतात. त्यामुळे सहीतलं मोठं वय हे कितीदा तरी अभिमानानं लिहिलेलं असतं.

सरावाला तोमिओका तेस्साई हा चित्रकार घ्या. त्याचा जन्म तेन्पोच्या सातव्या वर्षी, बाराव्या महिन्याच्या १९ तारखेला, म्हणजे २५ जानेवारी १८३७. काही दिवसांतच नववर्ष आलं आणि तान्हं बाळ दोन वर्षांचं झालं! ३१ डिसेंबर १९२४ ला तो वारला तेव्हा आपल्या हिशेबानं ८७ पूर्ण, त्यांच्या हिशेबानं ८९. हे कागदावर स्वतः मांडून बघा, मगच आपल्या चित्राकडे वळा.