लेबर रूमची पहिली पोस्टिंग: दबलेली नाळ ओळखताना

लेबर रूमला पोस्टिंग लागली की नव्या मुली पीपीएच (बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव) आणि फिट्स (झटके) वाचून येतात. नाळ दबण्याचं प्रकरण पुस्तकात थोडक्यात आटोपलेलं असतं, ते राहून जातं. मुंबईतल्या पालिकेच्या रुग्णालयात नाइट करता करता माझं मत असं झालंय, की नव्या सिस्टरची खरी पारख इथेच होते. बाहेरून काहीच दिसत नाही. कळतं ते बाळाच्या ठोक्यांवरून.

नाळेत दोन रोहिण्या, एक नीला आणि भोवती जेली. गर्भजल पुरेसं असेल तोवर नाळ मोकळी तरंगते. पाणी कमी असलं किंवा पिशवी फुटली, की कळेच्या वेळी ती बाळाचं अंग आणि गर्भाशय यांच्यात चेपू शकते. पातळ भिंतीची नीला आधी दबते, ठोके क्षणभर वाढतात. मग रोहिण्या दबल्या की एकदम खाली. दाब सुटला की तितक्याच झटकन वर. सीटीजीवरचे, म्हणजे ठोक्यांचा आलेख काढणाऱ्या मशीनवरचे, हे खड्डे म्हणजे व्हेरिएबल डिसिलरेशन. अधूनमधून आले तर घाबरू नका, पुष्कळ बाळंतपणांत दिसतात. प्रत्येक कळेला येऊ लागले, खोल झाले, वर यायला वेळ घेऊ लागले, तर डॉक्टरांना बोलवा. ठोके खालीच राहिले, तर तीन मिनिटांच्या आत मदत खाटेपाशी हवी.

मशीन प्रत्येकीच्या वाट्याला येत नाही. म्हणून डॉपलर, ठोके ऐकायचं हातातलं छोटं यंत्र, नीट वापरायला शिका. साधारण ठोके मिनिटाला ११० ते १६०. पहिल्या टप्प्यात दर १५ ते ३० मिनिटांनी, जोर लावायच्या टप्प्यात दर ५ मिनिटांनी, कळ ओसरताच पूर्ण मिनिटभर ऐकायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय सगळीकडे आहे. त्यात खड्डा हमखास निसटतो. ऐकताना दुसरा हात आईच्या मनगटावर ठेवा. आईचीच नाडी बाळाची म्हणून लिहिली जाते, आणि नव्यांकडूनच असं नाही.

‘दीदी, पानी गया’ असं ऐकू आलं की चादर बदलण्याआधी ठोके ऐका.

ठोके पडले तर आधी कूस बदला. डावीकडे फरक पडला नाही तर उजवीकडे, तरीही नाही तर हातापायांवर. कळा वाढवणारं ऑक्सिटोसिनचं ड्रिप बंद. बीपी बघा, आणि नाळ खाली आली आहे का हे तपासायला डॉक्टरांना लगेच बोलवा. आईला सरसकट ऑक्सिजनचा मास्क लावणं मला पटत नाही. तिचं सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) चांगलं असेल तर मास्कने नाळेवरचा दाब हलत नाही.

आतून तपासताना नाळ हाताला लागली तर सगळं वेगळं. बाळाचं डोकं अजून खाली उतरलेलं नसताना पाणी फुटलं, बाळ पायाळू असलं किंवा जुळं असलं, की ही भीती जास्त. नाळ आत ढकलायची नाही, उगाच हाताळायची नाही, तिला गारवा लागू द्यायचा नाही. तपासणारा हात आतच ठेवून डोकं वर उचलून धरायचं, कंबर उंच करायची, सीझरची तयारी. छोट्या प्रसूतिगृहातून मोठ्या रुग्णालयात न्यायचं असेल, तर मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये बोटांनी डोकं धरून ठेवणं अवघड. अशा वेळी कॅथेटरने मूत्राशयात साधारण ५०० मिली सलाइन भरून कॅथेटर क्लॅम्प करतात, त्याने डोकं वर राहतं. ऑपरेशन टेबलावर ते रिकामं करायला विसरू नका. हे रेफरच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहा.

नातेवाईक मात्र वेगळ्याच गोष्टीला घाबरलेले असतात. सोनोग्राफीत ‘गळ्याला नाळेचा वेढा’ लिहिलेलं असतं, आणि आजीबाई ‘मामाला जड’ म्हणून मोकळ्या होतात. वेढा पाचातल्या एखाद्या बाळाला तरी असतो आणि बहुतेकदा सैल असतो. डोकं बाहेर आल्यावर मानेभोवती बोट फिरवायचं, सैल असेल तर डोक्यावरून काढून टाकायचा. घट्ट असला तरी घाईने कापायची बहुधा गरज नसते. बाळाचं डोकं आईच्या मांडीशी धरून अंग बाहेर येऊ देता येतं, हे सीनियरकडून हातानेच शिका. असं बाळ फिकट दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना तसं स्पष्ट सांगा: नीला दबल्यामुळे त्याचं थोडं रक्त वारेतच अडकलेलं असू शकतं.

आणि नोंद. पाणी फुटल्याची वेळ, पाण्याचा रंग, आधीचे ठोके, नंतरचे ठोके, कूस कधी बदलली. पार्टोग्राफवर, म्हणजे बाळंतपणाच्या प्रगतीच्या तक्त्यावर, तिथल्या तिथे लिहा. सकाळी हँडओव्हरला आठवून लिहिलेली वेळ कुणीही ओळखतं.