‘मोतीबिंदूच असेल’ म्हणून थांबू नका: चाळिशीनंतर डोळ्यांच्या बाबतीत या चुका टाळा

कोकणात डोळ्यांची तपासणी हंगाम बघून पुढे ढकलली जाते. आधी आंबा, मग लावणी, मग गणपती, आणि शेवटी ‘मे महिन्यात मुलगा मुंबईहून आला की बघू’. मोतीबिंदूत ही चालढकल बहुतेक वेळा खपून जाते, कारण डोळ्यातलं धुरकट झालेलं भिंग, म्हणजे मणी, काढून नवा बसवता येतो. काचबिंदूत ती खपत नाही. तिथे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस सुकत जाते आणि गेलेली नजर कुठल्याही ऑपरेशनने परत येत नाही. तरी कमी दिसायला लागलं की घरातच निकाल लागतो: मोतीबिंदू असणार, पिकू दे.

पिकू देण्याचा सल्ला मुळात जुन्या काळचा. तांदळातले खडे दिसेनात, रात्री समोरच्या गाडीचे दिवे फाकून दिसायला लागले, की ऑपरेशनचं विचारायची वेळ झाली. फार पिकलेला मणी फुगून डोळ्याचा दाब वाढवू शकतो, शिवाय ऑपरेशनही अवघड होतं. ‘पावसात नको, थंडीत करू’ यालाही आता अर्थ उरलेला नाही. ऑपरेशननंतर काही आठवडे डोळ्यात पाणी आणि चिखल जाऊ द्यायचा नाही, एवढं मात्र पाळा. आणि आजोबा अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचायला लागले तर पेढे वाटू नका. मोतीबिंदूने मणी घट्ट होताना जवळचा नंबर काही काळ असा उतरतो.

काचबिंदू सहसा दुखत नाही. आधी कडेची नजर जाते, समोरचं नीट दिसत राहतं, आणि एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. म्हणून अधूनमधून एक डोळा झाकून बघा. पण तेवढ्यावर विसंबू नका. दाब आणि नस डॉक्टरांनीच तपासायला हवी. चाळिशी ओलांडलेल्यांनी, मोठा मायनस नंबर असलेल्यांनी आणि विशेषतः ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू आहे त्यांनी ही तपासणी टाळू नये. गणपतीला सगळं घर जमतं, तेव्हा आजीची नजर नेमकी कशाने गेली हे विचारून घ्या.

काचबिंदूचा एक प्रकार मात्र अंगावर धावून येतो. डोळा लाल, कपाळ फुटेल असं दुखणं, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी आणि उलट्या. उलट्या बघून घरचे पित्त समजतात, कोकमाचं आगळ पाण्यात घालून देतात आणि झोपवतात. अशा वेळी रात्र काढायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

डोळा लाल झाला की मेडिकलमधून मागच्या वेळचेच ड्रॉप आणणं, ही चूक तर घरोघरी. त्यात स्टेरॉइड असेल आणि महिनोन्‌महिने घातलं, तर काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही ओढवू शकतात.

साखर असलेल्यांनी ‘मला तर सगळं दिसतं’ यावर जाऊ नये. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येत असतानाही आतल्या पडद्यावर रक्तस्राव सुरू झालेला असू शकतो. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासायचा. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे ही तपासणी झाली असं नाही.

खिडकीचे सरळ गज वाकडे दिसायला लागले किंवा समोरच्याच्या चेहऱ्याच्या मध्यावर डाग दिसला, तर पडद्याच्या मधल्या भागाचा आजार असू शकतो. तो वयानुसार येतो आणि विडी-सिगारेट त्याला खतपाणी घालते. काही रुग्णांत डोळ्यातल्या इंजेक्शनने तो रोखता येतो, पण लवकर गेलात तर.

बोटीवर आणि वाळणावर उन्हात राबणाऱ्यांच्या डोळ्यात नाकाच्या बाजूने गुलाबीसर मांस वाढतं. त्यालाही लोक मोतीबिंदूच म्हणतात. मोतीबिंदू आत असतो, हे मांस वरून सरकत बुबुळावर येतं. ऊन आणि वारा ही त्याची मुख्य कारणं. रुंद काठाची टोपी घाला. गॉगल घेताना काच किती काळी आहे हे बघू नका, त्यावर ‘यूव्ही ४००’, म्हणजे अतिनील किरणं अडवणारी काच, असं लिहिलंय का ते बघा. तसं संरक्षण नसलेल्या काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि अतिनील किरणं जास्तच आत जाऊ शकतात.