रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद? कोलेस्टेरॉलच्या या चुका टाळा

सगळ्यात जास्त जीव घेणारी चूक पहिली: "रिपोर्ट नॉर्मल आला, डॉक्टर, म्हणून गोळी बंद केली." अहो, तो नॉर्मल आला गोळीमुळेच! स्टॅटिनमुळे, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या या गोळीमुळे, यकृतात कोलेस्टेरॉल कमी बनतं, मग यकृत रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, जास्त ओढून घेतं. गोळी थांबली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा वर.

माझे एक पेशंट, निवृत्त शिक्षक, स्टेंट बसलेला. एलडीएल ५२ पर्यंत उतरलं होतं. मग व्हॉट्सॲपवर लसूण-आलं-लिंबाचा 'ब्लॉकेज उघडणारा' काढा आला. सरांनी गोळी सोडली, काढा धरला. पुढच्या तपासणीत एलडीएल १४८, आणि औषध परत सुरू होऊन स्थिरावण्याआधीच दुसरा अटॅक. काढा आवडतो तर खुशाल प्या, पण गोळीच्या जागी नाही. गोळीनं पाय दुखतात? येऊन सांगा. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. परस्पर बंद करू नका.

दुसरी चूक, फक्त टोटल कोलेस्टेरॉल बघणं. टोटल १८०, म्हणून माणूस खूश. पण एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, फक्त ३२ आणि ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, तब्बल २४० असतील तर? आपल्याकडे ही जोडी फार दिसते. मी आधी टोटलमधून एचडीएल वजा करते: १४८. हे नॉन-एचडीएल, म्हणजे चांगलं सोडून उरलेलं सगळं कोलेस्टेरॉल; उपाशीपोटी रक्त दिलं नसलं तरी चालतं. अटॅक येऊन गेलेल्यांसाठी कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या सूचनांत ते ८५ च्या आत आणि एलडीएल ५५ च्या आत हवं. रिपोर्टवर छापलेली 'नॉर्मल' रेंज त्यांच्यासाठी नाही.

'कोलेस्टेरॉल फ्री' तेल बघून भुलू नका, कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं. खोबरेल तेलातही नसतं, तरी त्यातल्या संपृक्त चरबीनं एलडीएल वाढतं. मी ब्रँड विचारतच नाही. घरात माणसं किती आणि महिन्याला तेल किती, एवढंच विचारते.

उपासाच्या नावाखाली साबुदाणा आणि बटाट्याचे वेफर्स खाऊन ट्रायग्लिसराइड्स उतरत नाहीत. दारूनं तर ते चढतातच.

एलडीएल अचानक वाढलं तर थायरॉइड तपासा.

पंधरा दिवस चालून लगेच रिपोर्ट काढायला धावू नका. निदान दोन-तीन महिने नेटानं चाला, मग रक्त द्या.

आणि घरात कुणाला पन्नाशीच्या आत अटॅक आला असेल तर लायपोप्रोटीन-ए (रक्तातला एलडीएलसारखाच एक कण) एकदा तपासून घ्या. ते आनुवंशिक असतं, पथ्यानं फारसं हलत नाही. जास्त निघालं तर एलडीएल, बीपी, साखर आणि तंबाखू यांवर जास्त कडक राहावं लागतं.